पाटी कुणाची, गल्ला कुणाचा?

"त्यांच्याकडून आता काही घ्यायचं नाही हं! त्यांचा मालक तिकडचा आहे." हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या कानावर पडले नाही, असे व्हायचे नाही. कधी ते मोबाईलवर लांबलचक यादी होऊन येते, कधी हळदीकुंकवाला शेजारची बाई हलक्या आवाजात सांगते, तर कधी घरातला कॉलेजात जाणारा मुलगाच जेवताना ताटावरून फर्मान काढतो. यादीत साबण असतो, बिस्किटे असतात, मोबाईलचे सिम असते, पिझ्झा असतो, पेट्रोलपंपसुद्धा असतो. कारणे दर वेळी निराळी. अमक्या कंपनीच्या मालकाने अमक्या पक्षाला पैसे दिले, तमक्याने भलतेच विधान केले, फलाणी कंपनी फलाण्या देशाची. यादी करणारे कुणीही असोत, मैत्रिणींनो, ती अमलात आणायची ती बाजाराची पिशवी जिच्या हातात, तिने. म्हणून हा विषय आज आपल्या पानावर घेतला आहे.

बहिष्कार वाईट, असे सांगायला मी बसलेली नाही. ते सांगायचे तर आपल्या पणज्यांचा अपमान होईल. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाचे जाडेभरडे खादीचे कपडे घालून गेले होते. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' हा शब्द स्वराज्याच्या पंगतीला जाऊन बसला. १९३० साली तर मुंबईत देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून विलायती कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या. ज्या घरच्या बायका कालपर्यंत चौकटीबाहेर पाऊल टाकत नव्हत्या, त्या दिवसदिवस उन्हात उभ्या! त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीला विलायती कापडाची मोटार अडवताना बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातून आलेला गिरणी कामगार चिरडला गेला.

आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ही चळवळ आपल्या आज्यांनी पाहिली त्यापेक्षा ऐकलीच जास्त. पण त्या निदर्शनांतली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बहिष्कार होता मालावर. दुकानदाराशी त्या बायका बोलत, हात जोडत, वाद घालत. पुष्कळ व्यापाऱ्यांनी आपला विलायती माल काँग्रेसच्या शिक्क्याने मोहरबंद करून ठेवायला कबुली दिली आणि दुकान स्वदेशी मालावर चालू ठेवले. म्हणजे दुकानदाराला बाहेर पडायला एक दार उघडे ठेवलेले होते. आजच्या यादीत हे दार कुठे दिसते का, पाहा बरे.

आज पाटी एकाची असते आणि गल्ला दुसऱ्याचा. आपण जिला पूर्वी एजन्सी म्हणत होतो, तिचेच हे मोठे रूप, म्हणजे फ्रँचायझी. नाव, रंग, टोप्या, पाककृती सगळे कंपनीचे. जागा, कर्ज, नोकर, वीजबिल आणि रात्रीची झोपमोड मात्र स्थानिक माणसाची. कंपनीचा मालक मुंबईत, दिल्लीत किंवा सातासमुद्रापलीकडे असतो. त्याच्या राजकारणाशी गावातल्या चालकाचा संबंध इतकाच, की त्याने त्याचे नाव भाड्याने घेतलेले असते.

आता हिशेबच करून पाहू. हिशेब आपल्याला काही नवे नाहीत. समजा, तुमच्याच भाचेसुनेने जालन्यात अंबड चौफुलीच्या बाजूला अशा एका नामांकित कंपनीचे खाण्याचे दुकान काढले. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. पण अशा धंद्याची घडी साधारण अशीच असते. महिन्याची विक्री ६ लाख रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त, समजा ३ लाख ३० हजार, मालालाच गेले. आणि माल बहुधा कंपनी सांगेल तिथूनच घ्यायचा. विक्रीवर शेकडा ६ या दराने रॉयल्टी, म्हणजे नावाचे भाडे, ३६ हजार. जागेचे भाडे ४५ हजार, चार मुलामुलींचे पगार ४८ हजार, वीज २५ हजार, बँकेचा हप्ता ४० हजार, किरकोळ १६ हजार. सगळे वजा जाता भाचेसुनेच्या हातात उरले ६० हजार.

आता मालकाने कुठेतरी काहीतरी बोलून ठेवले, यादी फिरली आणि चारातले एक गिऱ्हाईक यायचे थांबले. विक्री झाली साडेचार लाख. माल कमी लागला, तो खर्च २ लाख ४७ हजार ५०० वर आला. रॉयल्टी २७ हजार झाली. पण भाडे, पगार, वीज, हप्ता यातले काही कमी होते का? जागामालक म्हणत नाही की, "वहिनी, या महिन्यात तुमच्याकडे गर्दी कमी होती, थोडं कमी द्या." ते १ लाख ७४ हजार जसेच्या तसे. बेरीज करून वजा करा. भाचेसुनेच्या हाती राहिले दीड हजार रुपये! कंपनीची रॉयल्टी बुडाली ९ हजारांची, मालावरचा नफा थोडा बुडाला तो वेगळा. आणि जिने काहीच म्हटले नव्हते, तिचे साडे-अठ्ठावन्न हजार गेले. पुढच्या महिन्यात ती काय करील? चारातल्या दोघांना घरी पाठवील. तो पोरगा बदनापूरचा नाहीतर पिरकल्याणचा असेल, रोज एसटीने येणारा.

"मग तिने पाटी काढून टाकावी," असे कुणी म्हणेल. तेही इतके सोपे नाही. करार पाच-दहा वर्षांचे असतात, अनामत अडकलेली असते, आतले सगळे सामान त्या एकाच नावाच्या मापाचे केलेले असते. मधेच पाटी उतरवली तर दंड तिलाच. आपल्याकडे दागिने गहाण ठेवून एजन्सी घेणाऱ्या बायका थोड्या नाहीत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्युंदाई मोटार कंपनीच्या पाकिस्तानातल्या भागीदाराने काश्मीरविषयी एक मजकूर टाकला. लगेच आपल्याकडे त्या कंपनीच्या गाड्यांवर बहिष्काराची हाक उठली. केएफसीच्या नावावरही पाकिस्तानातून तसाच मजकूर गेला आणि कंपनीला माफी मागावी लागली. आता पाहा, बोलला तिकडचा विक्रेता आणि गिऱ्हाईक तुटायची धास्ती इकडच्या विक्रेत्याला! दोघांची ओळख नाही, पाळख नाही. सामाईक काय, तर दारावरची अक्षरे.

त्याहून मोठे उदाहरण मॅकडोनाल्डचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधल्या त्यांच्या फ्रँचायझीने तिथल्या सैनिकांना हजारो जेवणे फुकट दिल्याचे जाहीर केले. अरब देशांत आणि मलेशियात संताप उसळला. आता सौदी, ओमान, कुवेत इथली त्याच नावाची दुकाने तिथल्याच लोकांची. त्यांनी पत्रके काढली, "आमचा त्यांच्याशी संबंध नाही," आणि कितीतरी जणांनी गाझाच्या मदतीला पैसेही दिले. तरी गिऱ्हाईक फिरकेना. स्टारबक्सची दुकाने चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने मार्च २०२४ मध्ये दोन हजारांवर नोकर कमी केले. यात पोटासाठी परदेशी गेलेली आशियाई माणसे पुष्कळ. मलेशियात केएफसीने एप्रिलमध्ये शंभरावर दुकाने काही काळ बंद ठेवली.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि मलाही ती अर्धी सांगून तुम्हाला फसवायचे नाही. त्या बहिष्काराने मोठ्या कंपनीला चिमटा बसला. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे तिने उघड सांगितले आणि एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलमधली २२५ दुकाने त्या फ्रँचायझीकडून स्वतःच विकत घेण्याचा करार केला. तेव्हा 'बहिष्काराने काही होत नाही' हे म्हणणे खोटे. होते. फक्त मालकापर्यंत झळ पोचायच्या आधी ती स्थानिक चालकाच्या आणि त्याच्या नोकरांच्या अंगावरून जाते. ती किंमत मोजण्याइतके कारण मोठे आहे का, हे ज्याने-त्याने ठरवावे. पण किंमत कुणीतरी मोजतो, एवढे तरी माहीत असावे.

आपल्या देशातही असेच झाले. २०२० च्या शेतकरी आंदोलनात पंजाबात रिलायन्सच्या पेट्रोलपंपांसमोर धरणी बसली, जिओच्या दीड हजारांवर मनोऱ्यांची नासधूस झाली. कंपनी म्हणत होती की कंत्राटी शेतीशी आमचा संबंध नाही, आणि ती उच्च न्यायालयातही गेली. महाराष्ट्रातही २२ डिसेंबर २०२० ला शेतकऱ्यांचा मोर्चा वांद्र्याला त्यांच्या कार्यालयावर निघाला. 'सिम बदलून घ्या' हा निरोप खेड्यापाड्यांत फिरला. तो कुणाच्या टपरीवर जाऊन आदळणार? रिचार्ज करून देणाऱ्या गावातल्या मुलाच्या, ज्याला एका रिचार्जमागे चार-दोन रुपये सुटतात.

२०२५ साली अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लादला, तेव्हाही अमेरिकी नावांची यादी आलीच. रागाचे कारण खरे होते, त्यात शंका नाही. पण महाराष्ट्रातली मॅकडोनाल्डची दुकाने चालवते मुंबईची कंपनी, डॉमिनोजची चालवते जुबिलंट ही इथलीच कंपनी. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घ्यायचे बंद केले, ते मला जास्त सरळ वाटते. माल तिकडचा, तो आणायचा नाही. गाळा आपला, त्यावर दुसरी सफरचंदे ठेवायची. व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशाचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता.

आता आपल्या घराकडे वळू, कारण खरी बोच इथे आहे. ऑगस्ट २०२३ अखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्याचे नाव देशभर गेले. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात, जवळच वडीगोद्रीला, दुसऱ्या बाजूचे उपोषण बसले. आरक्षणाच्या बाजूने-विरुद्ध कोण, यात मी शिरत नाही. तुमच्यात दोन्हीकडच्या वाचक आहेत आणि दोन्हींची दुःखे खरी आहेत. पण त्या उन्हाळ्यात लोकसभेच्या निवडणुकीनंतर मराठवाड्यात एक निराळाच बहिष्कार डोके वर काढू लागला. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर अमक्या जातीच्या दुकानात जायचे नाही, असे ठरवणाऱ्या गावातल्या बैठकीची चित्रफीत फिरली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. चहाची टपरी, किराणा, केशकर्तनालय, दवाखाना, सगळीकडे पाटीवरचे आडनाव वाचून पाय आत टाकायचा की नाही ते ठरू लागले.

मोठ्या कंपनीच्या मालकाने निदान काहीतरी बोललेले असते, देणगी दिलेली असते. इथे दुकानदाराने तोंडही उघडलेले नसते. त्याचे राजकारण आपण त्याच्या आडनावावरून ठरवतो. याला बहिष्कार म्हणायचे की वाळीत टाकणे? महाराष्ट्रात या शब्दाला दोन बाजू आहेत. टिळकांच्या चतुःसूत्रीतला एक; आणि दुसरा तो, ज्याच्यामुळे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापली आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' हे पत्र काढले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे, की अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव त्यांची मजुरी तोडी, वाण्याचे दुकान बंद करी. बाबासाहेब स्वतः त्या समितीवर होते. गावाने एकजूट करून दुकान बंद करणे ही गोष्ट किती जुनी आणि किती निर्दय, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रानेच देशात पहिल्यांदा केला. तो २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आणि व्यवहार तरी पाहा. मिरगाच्या तोंडावर सरकीची बॅग आणि खताचे पोते उधारीवर कोण देते? कृषी सेवा केंद्रवाला. जालना हे बियाण्यांचे गाव, १९६४ पासून महिकोसारखी कंपनी इथली. पण तुमच्या गावातला कृषी केंद्रवाला काही बियाण्याचा मालक नव्हे. तो दहा कंपन्यांचा माल ठेवणारा एजंट. त्याला कंपनीचे पैसे वेळेवर भरावे लागतात आणि आपल्याकडून मात्र कापूस विकल्यावर मिळतात. त्याचे आडनाव आवडले नाही म्हणून दहा कोसांवर दुसऱ्याकडे गेलात, तर तो अनोळखी माणूस उधारी देईल का? रोख मागेल. मग रोख कुठून आणायची, तर तुमच्याच गळ्यातली पोत मोडून. पुरुषमंडळी पारावर ठराव करतात. त्या ठरावाचे बिल स्वैपाकघरात येते.

बचत गटात तर हे फार जपायला हवे. गटात सगळ्या आळीच्या बायका असतात. एकीच्या पापडांवर गाव रुसले, की हप्ता तिचा थकतो आणि बँकेच्या वहीत नाव साऱ्या गटाचे खराब होते.

मग एखाद्या कंपनीचे वागणे खरोखरच पटत नसेल, तर काय करायचे? गप्प बसायचे? मुळीच नाही. पहिली गोष्ट, दुकान आणि माल यांत फरक करा. किराणा दुकानात दहा कंपन्यांचे साबण असतात. नको तो घेऊ नका, दुकान कशाला सोडता? "भाऊ, हा नको, दुसरा द्या, आणि का नको तेही तुमच्या एजंटाला सांगा," एवढे म्हणून पाहा. असे वीस बायका म्हणाल्या, तर दुकानदार पुढच्या खेपेला तो माल कमी घेतो आणि बातमी आपोआप वर जाते. त्याचा गल्लाही बुडत नाही.

एकाच नावाचे दुकान असेल, तर जरा अवघड. तरी न सांगता येणे बंद करू नका. चालकाला तोंडावर सांगा, की आम्ही अमुक कारणाने, अमुक गोष्ट होईपर्यंत येणार नाही. तुम्ही कंपनीला लिहा. दहा शहरांतल्या दहा चालकांची पत्रे वरच्या कचेरीत जड पडतात, कारण त्यांची रॉयल्टी त्यात असते. मुदत आणि मागणी नसलेला बहिष्कार म्हणजे नुसता अबोला. समोरच्याने काय केले म्हणजे तो सुटायचा, हेच त्याला कळत नाही.

तुम्हीही लिहा. बंद पुड्यावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल छापणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. पुडा फेकण्याआधी कात्रीने तेवढा तुकडा कापून ठेवा. भिशीच्या दिवशी एक पत्र लिहून पंधरा जणींनी सह्या केल्या, तर चहा निवायच्या आत काम होते. पत्रात शिव्या नकोत. काय खटकले, कोणता माल घेणे बंद केले आणि काय केल्यास पुन्हा घेऊ, या तीन गोष्टी पुरेत. आणि मोबाईलवरची यादी पुढे ढकलण्याआधी ती खरी आहे का, हे घरातल्या शिकल्यासवरल्या मुलीला पाहायला सांगा. मालकी विकली जाते, कंपन्या हात बदलतात. यादी मात्र जुनीच फिरत राहते.

मुलांपुढे बोलताना तर फारच सांभाळा. "त्यांच्याकडचं नको" हे आपण भाजीच्या पिशवीसाठी म्हणतो. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच वाक्य डब्यासाठी वापरले जाते, आणि समोरची मुलगी मधल्या सुट्टीत एकटी जेवते.

शेवटी ज्या मैत्रिणी एखादी फ्रँचायझी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडे. करार इंग्रजीत असतो म्हणून सही करून मोकळ्या होऊ नका. वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. कंपनीच्या नावाला बट्टा लागून विक्री पडली, तर रॉयल्टीत सूट मिळते का, मुदतीआधी बाहेर पडल्यास अनामत किती परत मिळते, जागेच्या भाडेकरारात अडकून राहण्याचा काळ किती, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कमीत कमी सहा महिन्यांचे भाडे आणि हप्ते बाजूला असल्याशिवाय दुकानाची फीत कापू नका. सगळे सोने एकाच पाटीवर लावू नका. आणि कंपनीने परवानगी दिली, तर दारावरच्या त्या मोठ्या रंगीत नावाखाली, छोट्या अक्षरांत का होईना, चालक म्हणून आपले नाव आणि गाव लिहून घ्या.